भूशास्त्राची रिकामी जागा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हर्षदा वाकचौरेला मुलाखतीला आत बोलावलं. अंगावर पिणारं लेकरू बाहेर सासूच्या मांडीवर रडत होतं. कॉलेजातल्या भूशास्त्राच्या कायम जागेसाठी ती दरवर्षी यायची, दरवर्षी अपात्र ठरायची आणि तिथेच तोच विषय तासिकेवर शिकवायची.

संस्थाध्यक्ष अण्णासाहेब भोइटे हसून म्हणाले, "बाई, यंदाही अपात्रच लिहावं लागतंय. आमच्या कॉलेजची पातळी तुम्हाला पेलायची नाही."

"लिहा की, अण्णासाहेब. पण तुमचे चिरंजीव माझ्याच हाताखाली भूशास्त्र शिकून पहिले आले. शिकवणारी अपात्र, तर त्यांची पदवीही आजच रद्द करून टाका."

मुलाखतीला शेजारी बसलेले विद्यापीठाचे तज्ज्ञ अध्यक्षांकडे वळून बघू लागले. अण्णासाहेबांनी पेन खाली ठेवलं.

नेमणूक अजून झालेली नाही, पण अपात्रही लिहिता आलं नाही. तुमच्या ओळखीत कुणी तासिकेवर राबत असेल, तर तिच्या कानावर हे तेवढं घाला.