शिंकेवर अडलेली थैली

कुसळनेरच्या भर दरबारात पुन्हा कुणीतरी शिंकले आणि त्रिंबक वैद्याला मिळायची पैशांची थैली पुन्हा खजिन्यात गेली.

या राज्यात दसरा सरला की माळावरच्या कुसळी गवताला फुलोरा येई आणि सगळे गाव शिंकू लागे. माणसे शिंकत, म्हशी शिंकत, देवळातली आरती तर अर्धी शिंकांतच संपे. त्रिंबक हा तरणा वैद्य सकाळी रोग्यांच्या नाड्या पाही आणि उरलेल्या वेळात या शिंकांवर औषध शोधत बसे. एका मुळीवर त्याची फार भिस्त होती, पण ती उगवे दूरच्या डोंगरात. ती आणायला माणसे हवीत, माणसांना मजुरी हवी, आणि वैद्याच्या घरात उंदीरही उपाशी झोपत होते. म्हणून तो राजाकडे मदत मागत होता.

राजा भुजंगराजे तसा दिलदार, पण हट्टी! शिंक म्हणजे अपशकुन, हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले. आजोबांच्या वेळेपासूनचा कायदाच होता, की ज्या हुकमाच्या तोंडी शिंक येईल तो हुकूम रद्द. त्रिंबकाला थैली द्या, असे राजा म्हणायचा अवकाश, कुठल्या तरी कोपऱ्यातून ‘आऽऽक्छी’ येई आणि सगळे मुसळ केरात. मागे एकदा भर उन्हाळ्यात, कुणी शिंकत नसताना, त्रिंबक गेलाही होता. तेव्हा राजाने विचारले, "इथं कोण शिंकतंय? मग औषध कशाला हवं?"

राजवैद्य धुंडिराजशास्त्री बाजूला बसून मान डोलवत होते. आधी औषध दाखव, मग ते शोधायला पैसे माग, आणि त्याही आधी डोक्यावरचे केस पिकू देत, असे त्यांनी त्रिंबकाला सुनावले. शास्त्रीबुवांचा स्वतःचा उपाय एकच होता, नाक दाबून धरणे. त्यासाठी त्यांना दर उन्हाळ्यात वर्षासन मिळे. आपण जन्मात कधी शिंकलो नाही, असे ते सांगत, आणि तसे सांगणारे ते एकटेच होते.

आज दरबाराच्या दारात उभी राहून येसू हे सारे ऐकत होती. येसू म्हणजे राजाच्या तबेल्याला रोज गवताचा भारा घालणारी शेतकऱ्याची लेक. दिवसभर गवतात, तेव्हा गावात सगळ्यांत जास्त शिंका तिच्याच. तिला बघायला पाहुणे येत, ती गूळपाणी घेऊन पुढे होई आणि बोलणी सुरू व्हायच्या आत शिंकून मोकळी होई. पाहुणे जोडे पायात घालून चालते होत. येसूला लग्नाची घाई नव्हती, पण आईचे मुसमुसणे तिला ऐकवत नसे. त्रिंबकाचे औषध ही तिची एकच आशा होती.

त्रिंबक पडेल चेहऱ्याने बाहेर आला. आता पुरे झाले, उद्या मामाच्या तेलघाण्यावर कामाला जातो, असे तो म्हणाला. औषधाचे काय, येसूने विचारले. औषध सापडल्यावर ते शोधायला पैसे मिळतील म्हणे, त्रिंबकाने सांगितले.

"म्हंजे आधी ढेकर द्या, मग चूल पेटवते, असंच झालं की," येसू म्हणाली. तिने नाक पुसले, थोडा विचार केला, भारा डोक्यावर घेतला आणि तबेल्याकडे जायचे सोडून थेट दरबारात शिरली.

भारा तिने धप्पकन टाकला तो नेमका शास्त्रीबुवांच्या आसनाशी. कुसळीचा धुरळा उडाला. राजाच्या भुवया वर गेल्या. वैद्याची वकिली करायला आली असशील तर ऐक, तो म्हणाला. ऐन फुलोऱ्यात हा सगळा दरबार एकदाही न शिंकता आमचा हुकूम ऐकेल, त्या दिवशी थैली मिळेल!

"ते काय जमायचं न्हाई, म्हाराज," येसू म्हणाली. "मी पैशे मागायला आलेच न्हाई. पैशे मिळनार न्हाईत, येवढं तुमच्या तोंडानं सांगून टाका. वैद्यबुवा उगा आशेवर हाईत. एकदा हुकूम ऐकला की जातील आपल्या वाटेनं."

इतकी स्वस्त मागणी राजाने आजवर ऐकली नव्हती. तो खूश झाला. मिशीवरून हात फिरवत उभा राहिला आणि खड्या आवाजात म्हणाला, "आम्ही भुजंगराजे, कुसळनेरचे धनी, हुकूम करतो की त्रिंबक वैद्याला औषध शोधायला फुटकी कवडीही मिळणार नाही."

"आऽऽऽक्छी!"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हातांनी नाक दाबले होते, पण कुसळीपुढे कुणाचे काय चालणार! त्यांची पगडी उडून सेनापतीच्या मांडीवर जाऊन बसली.

येसूने पदर सावरून हात जोडले.

"हुकमाच्या तोंडी शिंक आली, म्हाराज. पैशे न देन्याचा हुकूम रद्द झाला."

राजाने आ वासला. आजोबांचा कायदा मोडवेना आणि येसूचे बोलणे खोडवेना. तो शास्त्रीबुवांच्या लाल नाकाकडे बघत राहिला, मग त्याचे पोट हलू लागले आणि तो सिंहासन गदगदेपर्यंत हसला.

"पोरी, आमच्याच दाव्यानं आम्हाला बांधलंस! खजिनदार, त्या त्रिंबकाला—"

"बोलू नगा, म्हाराज!" येसू ओरडली. "बोललासा की कुनीतरी शिंकंल. नुसती द्या."

राजाने चटकन स्वतःचे तोंड दाबले. ते बघून सगळ्या दरबाराने आपापली नाके धरली. राजा चवड्यांवर चालत खजिनदारापाशी गेला, थैली उचलली आणि दाराशी उभ्या असलेल्या त्रिंबकाच्या हातात ठेवली. त्रिंबक आभाराचे दोन शब्द बोलणार, तोच येसूने डोळे वटारले. तो मुकाट्याने मुजरा करून निघाला.

येसूलाही बक्षीस हवेच. राजाने खांद्यावरचा जरीचा रेशमी शेला काढून तिच्या हाती दिला. येसूने तो उलटसुलट करून पाहिला, गालाला लावून पाहिला, आणि त्यात भर्रकन नाक शिंकरले.

राजा इतका हसला, इतका हसला, की शेवटी तोही शिंकला. पण तोवर त्रिंबक थैली घेऊन डोंगराच्या वाटेला लागला होता.