साळूची पोत

धामणखोऱ्यात आलात, तर इथल्या बायकांच्या गळ्यातली पोत बघून घ्या. त्या रागावणार नाहीत, उलट जवळ बोलावून दाखवतील. पोतीत चांदीची कोरीव पानं ओवलेली असतात आणि एकीची पोत दुसरीसारखी नसते. कुणाच्या पानावर म्हैस, कुणाच्या पुराचं पाणी, कुणाच्या नुसता बंद दरवाजा. ही रीत साळूपासून पडली, असं सांगतात.

साळू म्हणजे अंतोबा सोनाराची एकुलती लेक. घाटाखाली दिलेली. तिचं तान्हं लेकरू तापानं गेलं आणि तिची वाचाच बसली. रडणं नाही, बोलणं नाही. उपाय थकले, तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. दिवसभर उंबऱ्याशी बसून राही.

अंतोबा मुळातच अबोल. लेकीला जवळ घेऊन दोन शब्द बोलणंही त्याला जमेना, म्हणे. तो शेगडी पेटवून बसला आणि चांदीच्या पानांवर तिचं आयुष्य कोरू लागला. ती चढायची ते चिंचेचं झाड, तिनं वाढवलेली शेळी, त्यानं तिला खांद्यावर घेऊन ओलांडलेली नदी. काय हात असतील त्या माणसाचे! शेवटच्या पानावर त्यानं पाळणा कोरला. रिकामा.

ते पाहून त्याची बायको भागू कळवळली. "अवं, ह्ये कशाला? इसरू द्या की तिला."

"गोष्ट तिची हाय," अंतोबा म्हणाला. "येवढंच पान गाळलं, तर बाकीची समदी खोटी पडत्याल."

पोत त्यानं स्वतःच्या हातानं लेकीच्या गळ्यात घातली. साळू एकेक पान चाचपत गेली. शेळीपाशी तिचे ओठ हलले. पाळण्यावर बोट आलं आणि तिथंच थांबलं.

"भिवा," ती म्हणाली. लेकराचं नाव. मग बापाच्या खांद्यावर कोसळून ती हमसाहमशी रडली.

अंतोबाच्या तोंडून एवढंच निघालं, "बोल, बाय. मी ऐकतुया."

पुढं साळूचा संसार पुन्हा उभा राहिला, पोतीत पानं वाढत गेली. पाळण्याचं पान मात्र तिनं कधी काढलं नाही, असं म्हणतात.

आजही या खोऱ्यात कुणी बाई पान घडवायला आली, की सोनार तिला समोर बसवतो आणि तिचं सांगून होईपर्यंत हातोडीला हात लावत नाही.