सुकाणूचा खडखडाट

कोकणातल्या एका खाडीकाठी एकदा एक वृद्ध तांडेल राहत असे. शिडाची नाव वाऱ्यापाण्यातून सुखरूप नेण्याची विद्या शिकायला लांबलांबचे तरुण त्याच्याकडे येत. त्यांतल्या एका शिष्यावर त्याचा विशेष जीव होता, आणि म्हणूनच तो त्याला सर्वांत जास्त बोल लावी.

या शिष्याची पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिचे माहेर समोरच्या बेटावर. पावसाळाभर तिकडे नाव जात नसे. मूल झाले असणार हे उघड होते. पण मुलगा की मुलगी, आणि मायलेकरू सुखरूप आहेत की नाहीत, यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते. समुद्र निवळला तसा गुरू म्हणाला, "मोसमाची पहिली खेप तू न्यायचीस." शिष्याला त्या रात्री झोप आली नाही.

पहाटे त्याने नाव पाण्यात लोटली आणि सुकाणू खडखडू लागले. नावेच्या मागच्या खांबाला लोखंडी कड्या असतात, सुकाणूला खिळी असतात. खीळ कडीत बसते आणि सुकाणू दारासारखे फिरते. त्या कड्या सैल झाल्या होत्या. प्रत्येक लाटेगणिक खडाड्, खडाड्! धक्क्यावरचे लोक हसले. "अरे, नाव नेतोस की भांड्यांची गाडी?" एकाने विचारले.

शिष्य चिडला. नावेच्या दोन फळ्यांमध्ये फट पडली की तेलात भिजवलेला कापूस ठोकून ती बुजवायची, हे त्याने गुरूकडेच शिकून घेतले होते. हात त्याच कामात तयार. त्याने कड्यांतही तसाच कापूस ठासून भरला. आवाज बंद! ओहोटीच्या ओढीनेच नाव खाडीबाहेर पडते, आणि ओहोटी लागायला थोडाच वेळ होता. तो शीड सोडणार, इतक्यात गुरू आला.

वृद्धाने सुकाणूचा दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे रेटून पाहिला. मग सगळा कापूस उपसून काढला, सुकाणू कड्यांतून उचलले, ओढत वाळूवर नेले आणि त्यावर मांडी घालून बसला.

"बाबा, हे काय करता?" शिष्य ओरडला. "ओहोटी निघून जाईल!"

"जाऊ दे."

"माझं लेकरू तिकडे आहे! मी अजून तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याचं!"

"म्हणूनच बसलोय. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! तिथला घण घे, आणि ही खालची खीळ ठोक."

शिष्याने रागाच्या भरात घण हाणला. एकाच घावात खीळ मोडून वाळूत पडली. वरून जाड दिसणारी ती खीळ कडीत बसते तिथे झिजून काडीएवढी उरली होती. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, तिथे लाटा उसळतात. ही खीळ तिथे मोडली असती तर? शिष्याने घण खाली ठेवला आणि मोडका तुकडा उचलून पाहिला.

गुरू म्हणाला, "फळ्यांचा सांधा एकजीव व्हायचा असतो, मेल्या. तिथे केसाएवढी फटही चालत नाही. सुकाणूचा सांधा हलायचा असतो. तिथे फट हवीच, पण हवी तेवढीच. जास्त झाली की लाट ठोकत राहते, लोखंड झिजत राहतं, आणि ते ओरडून तेच सांगत असतं. तू काय केलंस? कुत्रं भुंकतं म्हणून कुत्र्याचंच तोंड बांधलंस. चोर घरातच राहिला."

शिष्याने मान खाली घातली. पण तो बसून राहिला नाही. गावातल्या लोहाराकडे जाऊन त्याने नव्या खिळी आणि नव्या कड्या घडवून घेतल्या. भाता स्वतः ओढला. संध्याकाळी सुकाणू चढवून तो अभिमानाने म्हणाला, "बघा बाबा, आता हूं की चूं नाही." गुरूने दांडा धरला. तो हलेचना.

"पुन्हा काढ," गुरू म्हणाला.

शिष्याने पुन्हा काढले. कानस घेतली, थोडे घासले, बसवून पाहिले, पुन्हा काढले. तळहाताला फोड आले. "उद्या कर," सोबत आलेला लोहार म्हणाला. "नाही," शिष्य म्हणाला, "हे झाल्याशिवाय मी उठणार नाही." अखेर दांडा एका हाताने सहज फिरू लागला. एक बारीकसा टक् आवाज मात्र येतच होता. त्याने भीत भीत गुरूकडे पाहिले.

"तेवढं बोलू दे त्याला," गुरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला नाव निघाली. खडकांपाशी मोठी लाट आडवी आली. शिष्याने दांडा फिरवला, नावेने ऐकले, आणि ती पार झाली.

बेटावर मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या. पण पोर किंचाळत होती. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवस अशीच रडतेय हो. घुटी दिली, दृष्ट काढली, झोळीत घालून हात दुखेस्तोवर हलवली. जरा निजते, पुन्हा सुरू." त्या पुन्हा घुटीची वाटी घेऊन आल्या.

"थांबा आई," तो म्हणाला. "आधी ती काय सांगतेय ते बघू."

त्याने लेकीला मांडीवर घेतले, दुपटे सोडले आणि डोक्यापासून तळपायापर्यंत तिला निरखले. बारशाला पायात बांधलेला काळा दोरा होता तेवढाच राहिला होता. पोर मात्र बाळसे धरत गेली होती. गुटगुटीत पायाच्या वळीत दोरा पुरता रुतला होता, वरून दिसतही नव्हता. फोड आलेल्या बोटांनी त्याने तो हळूच तोडला. पोरीने दोन हुंदके दिले आणि ती बापाकडे टकमक पाहू लागली. त्याने नवा दोरा मागितला आणि सैलसर बांधला.

आपल्याही घरात कोणी सारखे कुरकुरत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा वाकून पाहावे, कुठे काय रुतते आहे.