जखऱ्या सुताराची तीन दारं

काल राजा झाला, परवाही राजाच झाला. आज राजाला सुट्टी. आज एक होता सुतार आणि त्याचं नाव जखऱ्या. पाय पांघरुणात घ्या, चिमटे काढायचे नाहीत, आणि ऐका.

जखऱ्याला हन्ना नावाची बायको होती आणि दीना नावाची सात वर्षांची मुलगी. गाव माळावरचं, घर एका खोलीचं, अंगणात भलाथोरला लिंब. रोज सकाळी तिघं लिंबाखाली बसायची आणि प्रार्थना करायची. प्रार्थना कसली, बाजारच तो! दीनाची जीभ टाळूला लागेल तर शपथ. "प्रभू येशू, मैनेला पिल्लं झाली. प्रभू येशू, आईच्या पदरावर मुंगळा चढलाय, त्याला आशीर्वाद दे." मग हन्ना हसायची. वरून कावळा ओरडायचा. कोंबडी मधूनच जायची. जखऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. देवाचं काम कसं नेटकं, गुपचूप व्हावं, असं त्याचं मत. मतं फार होती बरं का त्याला.

मग एका रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये म्हणाले, प्रार्थना लोकांना दाखवायला करू नका, आत जाऊन दार लावून करा. ते बोलत होते मिरवणाऱ्या मंडळींना. पण जखऱ्या पडला सुतार! दार म्हटलं की त्याला दारच दिसायचं.

मग त्यानं काय करावं? लिंबच पाडला. एका खोलीच्या तीन खोल्या केल्या आणि तिघांना तीन दारं. आता कुठलाही सुतार तुम्हाला सांगेल, ओलं लाकूड लगेच कामाला घेऊ नये. चांगलं सुकू द्यावं, मग रंधा मारावा. ओल्यात झाडाचा जीव असतो. जखऱ्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण धीर कुणाला! दारं झाली मात्र सुरेख. प्रत्येकाला आतून कडी, आणि कडी लागली की वारासुद्धा आत यायचा नाही.

मग रोज सकाळी तीन दारं लागायची आणि तीन प्रार्थना व्हायच्या. हळूहळू जेवणंही तीन झाली, कारण भाकरी आपापल्या खोलीत नेणं सोपं. मग बोलायला काही उरलंच नाही. दीना आधी भिंतीशी बोलायची. मग नुसती कुजबुजायची. नाताळ आला तोवर पोर मुकी झाली होती. वैद्य झाला, डॉक्टर झाला. घसा ठणठणीत आहे म्हणाले, आणि गेले.

"अहो, ती दारं काढा आधी," हन्ना म्हणाली.

"दारांनी काय घोडं मारलंय तुझं?" जखऱ्या म्हणाला, आणि आत जाऊन कडी लावली.

पण आतून तो पार घाबरला होता. एकुलती एक पोर. कधीकधी तो तिच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. कान लावायचा आणि तसाच परत फिरायचा. आणि दार लावून रोज एकच मागायचा, प्रभू, तिला एकदा बाबा म्हणू दे. बस.

मग एका सकाळी काय झालं, हन्नाचं दार जागेवर नाही! बिजागऱ्या लोंबतायत आणि चौकट मोकळी. जखऱ्याला वाटलं चोर. पण अंगणातल्या धुळीत दोन रेघा उमटल्या होत्या, दार आपल्या कोपऱ्यांवर चालत गेल्यासारख्या. मग तो रेघांमागून निघाला. माळावर एका धनगराची मेंढरं बसली होती, भोवती जाळीचं कुंपण, आणि कुंपणाला वाट ठेवली होती तिथं दार उभं, अगदी ऐटीत. जखऱ्यानं ते ओढलं. हलेना. वाकून बघतो तर खाली मुळ्या फुटलेल्या.

धनगराची म्हातारी आई बसली होती शेजारी. म्हणाली, "न्हेत असशील तर न्हे बापा. पर कोकरं लई पळायची बाहेर. आज एकबी गेलं न्हाई बघ."

आत कोकरं आयांना चिकटून झोपली होती, एकावर एक. जखऱ्या बघत राहिला थोडा वेळ. मग चरफडत घरी आला.

दुसऱ्या सकाळी दीनाचं दार गेलं. ते सापडलं ओढ्यावर. दोन काठांवर आडवं पडलं होतं आणि बायका त्याच्यावरून धुणी घेऊन ये-जा करत होत्या. जखऱ्या ते उचलायला वाकला.

"अहो, थांबा की! आमच्या सासूबाई मधे आहेत, दिसत नाही का?" एक जण ओरडली.

खरंच की. एक म्हातारी फळीच्या मधोमध उभी, पाय लटलट कापतायत. मग जखऱ्याला जावंच लागलं. त्यानं तिचा हात धरला आणि तिला पलीकडे नेलं. म्हातारी त्याचा हात सोडेचना, इतकी भ्यायली होती. जखऱ्याच्या लक्षात आलं की वर्षात आपण कुणाचा हात धरलेला नाही. त्याला हन्नाची आठवण आली आणि कसंतरीच झालं. दार तिथंच ठेवून तो घरी आला. घरी आल्यावर बोलला काही? छे. आत गेला आणि आपली कडी लावली.

तिसऱ्या सकाळी त्याचं स्वतःचं दार गेलं. आणि ऐका, हन्नाही नाही! दीनाही नाही! चूल थंड, अंथरुणं रिकामी. जखऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. दारं गेली खड्ड्यात, असं तो पहिल्यांदाच म्हणाला. मग अनवाणीच धावत सुटला. रेघा गेल्या होत्या गावामागच्या टेकडीवर. वर चढता चढता काटे लागले, धाप लागली, दोनदा पडला.

टेकडीच्या माथ्यावर त्याचं दार उभं होतं. भिंत नाही, चौकट नाही, नुसतं दार. आणि ते लावलेलं.

पलीकडून कुणीतरी बोलत होतं. चिवचिव, चिवचिव, न थांबता. दीना! मग जखऱ्या धावत दाराला वळसा घालून मागं गेला, तर मागं कुणी नाही. नुसतं गवत. पुढं आला तर पुन्हा तोच आवाज. पुन्हा मागं गेला, पुन्हा गवत. मग त्यानं दार ढकललं. पण कडी होती आतून, आणि ती केली होती जखऱ्यानं. ती काय उघडते!

मग त्यानं दार वाजवलं.

"आई," आतून दीना म्हणाली, "बाहेर कुणीतरी माणूस आलाय."

"मी आहे मी," जखऱ्या म्हणाला.

"कोण आहे कोण जाणे. आवाज ओळखीचा नाही," दीना म्हणाली.

जखऱ्या दारासमोर खाली बसला. इतके दिवस तो पोरीचा आवाज मागत होता. आपला आवाज पोर विसरली असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला रडू आलं, आणि तो रडला. मोठा माणूस, पण रडला. मग हात जोडले. डोळे मिटायची सवय होती, पण त्या दिवशी मिटेनात. मग समोर जे दिसलं तेच तो बोलत सुटला, मोठ्यानं.

"प्रभू, पायात कुसळं घुसलीत. प्रभू, इथं बोराटीला बोरं लागलीत, दीनाला आवडतात. प्रभू, एक सरडा आलाय. माझ्याकडं बघून मान हलवतोय, मला हसतोय बहुतेक. प्रभू, इथून माझं घर दिसतंय. किती लहान दिसतंय. माझं चुकलं, प्रभू. मला एकट्याला तिथं करमत नाही."

वारा आला आणि गवत एका बाजूला वाकलं. आजवर आपण भिंतींशी बोलत होतो, असं जखऱ्याला वाटलं. आज मात्र कुणीतरी अगदी जवळ बसून ऐकत होतं. त्याला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं.

तेवढ्यात आतून कडी वाजली. दार किलकिलं झालं आणि फटीतून दीनाचं डोकं बाहेर आलं.

"बाबा, सरडा कुठंय?"

जखऱ्यानं बोट दाखवलं. मग दार सताड उघडलं. पलीकडे तीच टेकडी, तेच गवत, आणि हन्ना फडकं सोडून भाकरी वाढत होती. "या, बसा," ती म्हणाली, "किती वेळ लावलात!"

त्या दाराला पुढं पानं फुटली आणि त्याचा लिंब झाला. घराला दारं पुन्हा कधी बसली नाहीत. थंडीत तिघं एकाच वाकळेत झोपायची आणि सुखानं राहिली. पण ते नंतरचं.

त्या दिवशी टेकडीवर तिघं भाकरीभोवती बसली आणि जखऱ्या म्हणाला, "दीना, तू कर प्रार्थना." मग दीनानं सुरुवात केली. सरडा झाला, बोरं झाली, मैना झाली, मुंग्या झाल्या, धनगराची कोकरं झाली, मग एकेका कोकराचं नाव झालं. हन्ना हसली. दीना काही आमेन म्हणेना. भाकरी गार झाली, कालवण निवलं, ऊन डोक्यावर आलं. जखऱ्या तसाच हात जोडून ऐकत बसला.

झालं. चला, कुशीवर वळा आणि निजा आता.