निशिकांतच्या घरातला व्हायरस

“...म्हणून म्हणतो महाराज, आता सिस्टिमच बदलून टाकू का?”

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाची सिस्टिम?”

“घरच्या कॉम्प्युटरची. व्हायरस शिरलाय. मी साफ करतो, चार दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. भलत्याच जाहिराती उघडतात, मशीन मुंगीच्या पावलानं चालतं. जुनं सगळं उपटून लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकावी म्हणतोय. त्यात हा ताप कमी.”

निशिकांत तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गावात कुणाचं मशीन अडलं की त्याला बोलावणं यायचं, आणि स्वारी मोठ्या ऐटीत जायची. आता त्याच्याच घरात हा प्रकार. गावाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“मग टाक की.”

“अप्पा नको म्हणतात. म्हणजे... ते काहीच म्हणत नाहीत.”

अप्पा म्हणजे त्याचे वडील. तालुक्याच्या साप्ताहिकात त्यांचं शब्दकोडं यायचं. निवृत्तीनंतर बिचारे हौसेनं मराठी टायपिंग शिकले होते, आणि रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन आडव्या-उभ्या चौकटी भरत बसायचे. व्हायरस आला त्या दिवशी निशिकांत त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडला होता. “नको तिथं क्लिक करू नका, हे किती वेळा सांगायचं?” तेव्हापासून अप्पा त्या खुर्चीकडे फिरकलेच नव्हते. डोळे साथ देत नाहीत, असं त्यांनी साप्ताहिकाला कळवून टाकलं होतं. डोळ्यांना काहीही झालं नव्हतं.

“घरातल्याच कुणीतरी केलंय, महाराज. बायको म्हणते मी नाही. मुलगी म्हणते मी नाही. अप्पा तर तोंडच उघडत नाहीत. एकानं तरी म्हणावं ना, की हो, मी केलं!”

“मी केलं,” महाराज म्हणाले.

निशिकांत बघतच राहिला.

“तुम्ही? तुम्ही तर माझ्या घरात कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही!”

“म्हणून तर पटकन म्हणता आलं.”

...

महाराजांनी मूठभर वाल त्याच्यापुढे सारले. निशिकांत सोलू लागला. दोन-तीन दाणे त्याच्या बोटांतून निसटून अंगणात उडाले.

“महाराज...”

“हं.”

“एक पेनड्राइव्ह आहे.” त्यानं पुढचा वाल उचलला. “मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे त्यात. विकत घेतलेलं नाही, एका डीटीपीवाल्याकडून उतरवून आणलेलं. ते टाकताना अँटिव्हायरस बोंब मारतो, म्हणून मी तो बंद करतो. दर वेळी मशीन लख्ख साफ करतो, आणि मग अप्पा पुन्हा बसले तर त्यांना मराठी लागेल म्हणून तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावतो.”

“मग?”

“व्हायरस त्यातच आहे. परवा लक्षात आलं.”

“परवा?”

निशिकांत सालं गोळा करू लागला. परवापासून त्यानं हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टिम बदलली की प्रकरण आपोआप मिटेल आणि पेनड्राइव्हचं नावही निघणार नाही, असा त्याचा बेत होता. पण आज सकाळी अप्पा कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना दिसले. एकाही बटणाला बोट लागणार नाही अशा बेतानं ते फडकं फिरवत होते. ते त्याला बघवलं नाही, आणि तो तडक मठात निघून आला होता.

महाराजांनी त्याच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

निशिकांतनं घरी फोन लावला. तो अप्पांनीच उचलला.

“अप्पा, तो व्हायरस... मी आणला. माझ्या पेनड्राइव्हमधून. तुमचा काही संबंध नव्हता. उगाच ओरडलो मी तुमच्यावर. चुकलं माझं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“नक्की?” अप्पांनी विचारलं. “मला वाटलं, मीच. ती चष्म्याची जाहिरात यायची ना, त्यावर दाबलं होतं रे मी एकदा.”

“त्यानं काही झालेलं नाही, अप्पा.”

फोन स्पीकरवर असावा. मागून बायकोचा आवाज आला, “अहो, मग मीही सांगते! फुकट कुकरच्या कुपनवर मी दाबलं होतं. इतके दिवस जीव टांगणीला लागला होता माझा.” तेवढ्यात मुलगी ओरडली, “आणि मी गेम उतरवला होता, बाबा!”

निशिकांतला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं वालाच्या ओल्या हातानंच पुसलं. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“अप्पा, नवी सिस्टिम टाकू ना? त्यात मराठी असतंच, फुकट आणि रीतसर. फक्त टायपिंगची पद्धत थोडी वेगळी. पुन्हा शिकावं लागेल.”

“शिकेन की. पण चुकलो तर ओरडायचं नाही.”

“नाही ओरडणार.”

“मग ये लवकर. संपादकांना कळवतो, डोळे बरे झाले म्हणून.”

निशिकांतनं फोन खिशात टाकला.

“काय सांगू, महाराज! घरात प्रत्येकाला वाटत होतं, आपणच केलं!”

महाराजांनी सोललेले वाल पातेल्यात ओतले आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“बरं झालं. मग आता रागवायला कोण उरलं?”