पोपटाने न बोलावलेला पाहुणा

पूर्वी वेत्रवतीच्या काठी एका नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी पोपटाचा जन्म घेतला होता. टोपल्या विणणाऱ्या पिंगलाच्या ओसरीवर वेताची एक कडी टांगलेली असे, तीच त्या पोपटाची जागा. पायात साखळी नव्हती. पण जायचे त्याच्या मनातच येत नसे. पिंगलाची बायको सोमदत्ता हिला मूलबाळ नव्हते. ती पोपटाला 'बाळा' म्हणे आणि डाळिंब सोलले की पहिले दाणे त्याच्यापुढे ठेवी.

सोमदत्तेचा चार महिन्यांचा एक नेम होता. दुपारी दारात जो कोणी पहिला येईल त्याला जेवू घालायचे आणि मगच आपण घास घ्यायचा. पाहुणा दिसला की पोपट वरून म्हणे, "या, बसा, हातपाय धुवा!" येणारा हसे, पोपटाचे कौतुक करी.

त्या घराच्या वळचणीला मैनेचे घरटे होते. एके दिवशी मैनेला ससाण्याने नेले. भुकेलेले पिल्लू वाट बघत कडेला आले आणि भर दुपारी थेट उंबरठ्यावर पडले. त्याचा पंख मोडला. सोमदत्ता पान मांडून पाहुण्याचीच वाट बघत होती. "अगं बाई! बाळा, किती लागलं रे!" म्हणत तिने त्याला पदरात घेतले.

बाळा! पोपटाच्या छातीत चर्र झाले. त्या दिवशीचा पाहुणा हे पिल्लूच होते, पण त्याला 'या, बसा' कोणी म्हटले नाही.

पिंगलाने बांबूची बारीक कामटी तासून दिली. सोमदत्तेने हळद लावून पंख बांधला, टोपलीत कापूस घातला आणि भिजवलेल्या सातूचा इवलासा गोळा चोचीशी नेला. पिल्लू चोच उघडेना. दूध दिले, ते ओघळून गेले.

"तू जेवून घे बघू," पिंगल म्हणाला. "पाखराचा कसला आलाय पाहुणचार?"

"दारात पहिलं तेच आलं ना? नेम मी केलाय, त्यानं नाही."

दुसरा दिवसही तसाच गेला. शेजारची कुवलया डोकावली. टोपलीत बघून तिने मान वर केली आणि म्हणाली, "काय पोपटराव, धाकटा भाऊ आला वाटतं! आता डाळिंबाला वाटेकरी हो!" तिने गंमतच केली होती, पण पोपटाने तिच्याकडे पाठ फिरवली.

खरे तर पिल्लू का खात नाही, हे त्या घरात एकट्या पोपटाला ठाऊक होते. घास आणला की मैना घरट्याच्या तोंडाशी 'चिर्र-चुक, चिर्र-चुक' अशी साद घाली, आणि मगच पिल्लू आ करी. ती साद पोपटाला हुबेहूब येत होती. पण तो गप्प राहिला. 'मी कुठे काय केले?' असे तो स्वतःला सांगे. आणि खरेच, त्याने काहीच केले नव्हते. मनात मात्र एकच घोळत होते: हे गेले की ती पुन्हा माझी एकट्याची.

तिसऱ्या दिवशी पिल्लाची मान कलली. सोमदत्तेला उठताना घेरी आली; ती खांबाला धरून कशीबशी उभी राहिली. तरी तिने डाळिंब सोलले आणि दाणे कडीपाशी ठेवले.

"तू तरी खा रे, बाळा."

पोपटाने दाणा उचलला. तो त्याला गिळवेना. 'हिच्या ओंजळीत दोघांनाही पुरेल एवढे आहे,' त्याला वाटले, 'आखडले आहे ते माझे मन.' दाणा टाकून तो टोपलीच्या काठावर उतरला आणि त्याने साद घातली, "चिर्र-चुक!"

पिल्लाने मान उचलली. पुन्हा साद येताच त्याने भला मोठा आ वासला.

"अहो, बघा, बघा!" सोमदत्तेने एक गोळा भरवला, मग दुसरा, मग तिसरा. नंतर तिथेच टोपलीपाशी बसून ती जेवली, आणि जेवता जेवता रडली. "थोरला शोभतोस हो," ती पोपटाला म्हणाली.

पण मत्सर काही एका हाकेने गेला नाही. दिवसातून दहा वेळा साद घालावी लागे, आणि दहाही वेळा पोपटाच्या आत काहीतरी टोचे. तरी त्याने एकही वेळ चुकवली नाही. मग हळूहळू टोचणे कमी झाले. पंख जुळला, कामटी सुटली. पहिली झेप घेऊन पिल्लू वेताच्या कडीवर येऊन बसले, तेव्हा पोपट थोडा बाजूला सरकला आणि उशिरा का होईना, म्हणाला, "या, बसा."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सुदंत नावाच्या वडील भिक्खूला सांगितली. विहारात नव्याने आलेल्या मेघिक नावाच्या आजारी भिक्खूची शुश्रूषा शास्ते स्वतः करीत, म्हणून सुदंत रुसला होता. पाळी असूनही त्या दिवशी त्याने आजाऱ्याला पेज नेली नव्हती.

शास्ते म्हणाले, "पिंगल म्हणजे आपल्या विहाराला चटया विणून देणारा उपासक. आणि तो मत्सरी पोपट मी होतो."

सुदंताने चमकून वर पाहिले. "आणि ते पिल्लू, भन्ते?"

"पिल्लू तू होतास, सुदंता. तुझ्यासाठी तीन दिवस उपाशी राहिलेली सोमदत्ता म्हणजे हा मेघिक."

सुदंत उठला. त्याने चुलीवरची पेज वाडग्यात ओतली, फुंकून फुंकून निववली आणि तो आजाऱ्याच्या अंथरुणाकडे गेला.

दुसऱ्याच्या वाट्याला आलेली माया बघून आपलेही मन भरून यावे, याला मुदिता म्हणतात. ती एकाएकी येत नाही. पण रोज साद घालत राहिले, तर येते.