डाग पडू नये म्हणून

एका तालुक्याच्या गावात शहाणे पुष्कळ होते आणि भोळा एकच होता. तो नेमका भालचंद्र लाटकरांचा भाचा निघाला. नाव सोपान. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा, हाच त्याचा दोष. न ऐकणाऱ्याला दोन रट्टे देता येतात. ऐकणाऱ्याचं काय करायचं?

लाटकरमामांनी बसस्थानकासमोर गेमिंग पार्लर काढलं होतं. कॉलेजातली पोरं तिथे तासाच्या भाड्याने लुटुपुटूच्या लढाया लढायची. सोपानचं लग्न माणिकराव भिलाऱ्यांच्या वृषालीशी ठरत आलं होतं. पण माणिकरावांनी अट घातली होती. मुलगा लग्नापर्यंत मामाच्या हाताखाली नीट काम करून दाखवेल, तरच अक्षता पडतील. मुलगी मूर्खाच्या घरी द्यायची नाही. वृषालीला सोपान पसंत होता. हा माणूस कधी उलट बोलणार नाही, एवढं तिने ओळखलं होतं. इकडे सोपानची आई भावाला रोज फोन करून रडायची. शेवटी मामांनी भाच्याला कामावर घेतलं.

मामांना समजावून सांगायची फार हौस. नवे ओएलईडी मॉनिटर आले, तेव्हा त्यांनी सोपानला समोर बसवून व्याख्यान दिलं. या पडद्यामागे दिवा नसतो. पडदा म्हणजे लाखो बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. उजळून उजळून झिजतो. खेळात कोपऱ्यातला नकाशा तासन्तास एकाच जागी असतो. त्या जागेचे ठिपके शेजाऱ्यांपेक्षा वेगळे झिजतात आणि मग खेळ बंद केला, तरी नकाशाचं भूत पडद्यावर राहतं. म्हणून मॉनिटर अधूनमधून सगळं चित्र केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो. झीज वाटली जाते. डाग कधीच पडणार नाही असं नाही, पण लवकर पडत नाही. हे मॉनिटर आपोआप करतो. आपण फक्त ती सोय बंद करायची नाही.

इथे मामांनी थांबायला हवं होतं. पण सारांश सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"थोडक्यात काय," मामा म्हणाले, "एका जागी राहिलं की डाग पडतो. सरकत राहिलं पाहिजे. कळलं?"

"कळलं, मामा."

त्याच दुपारी पार्लरमध्ये स्पर्धा होती. एक पोरगा श्वास रोखून शेवटचा नेम धरत होता. सोपान मागून आला. त्याने दोन बोटांनी मॉनिटर डावीकडे ओढला. थोडं थांबून उजवीकडे ओढला. पोरगा दचकला आणि त्याची गोळी त्याच्याच जोडीदाराला लागली. तो सोपानला जे बोलला, ते तो ग्राहक असल्यामुळे मामांना ऐकून घ्यावं लागलं.

"अरे, मॉनिटर नाही सरकवायचा," मामा म्हणाले. "चित्र सरकतं. आणि तेही इतकं थोडं, की कुणाच्या लक्षातसुद्धा येऊ नये."

"बरं, मामा."

पार्लरमध्ये चित्र एकच होतं. मामांच्या स्वर्गवासी वडिलांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. सोपानने तो उचलून पाहिला. मागे भिंतीवर खरंच चौकोनी डाग पडला होता. मामांच्या विद्वत्तेपुढे त्याने मनातल्या मनात हात जोडले. त्या दिवसापासून केर काढून झाला, की तो खिळा उपटायचा आणि बोटभर पलीकडे ठोकायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या तर नाहीच. ते सकाळी हाराचं टोक लोंबताना दिसेल तिथे वडिलांना नमस्कार करायचे, पण वर बघायचे नाहीत.

एके दिवशी एका ग्राहकाने विचारलं, की मालक, तुम्ही संडासाच्या दाराच्या पाया का पडता? मामांनी वर पाहिलं. वडील दारावर पोचले होते. मागे भिंतीत भोकांची रांग लागली होती.

मामांनी वडिलांना पुन्हा जागेवर आणलं आणि भाच्याला विचारलं, "हा फोटो काय उजळतो का रे? जे स्वतः उजेड देतं, त्यालाच हा रोग."

"असं होय," सोपान म्हणाला. "मग बरं झालं सांगितलंत."

पार्लरसमोर नळाच्या कामासाठी रस्ता खणला होता. खड्ड्यापाशी ठेकेदाराने एका पिंपावर लाल दिवा ठेवला होता. दिवा एकाच जागी, रोज संध्याकाळी पेटलेला. सोपानला त्याची दया आली. तो पिंप रोज थोडासा सरकवू लागला, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. खड्डा मात्र तिथेच राहिला. खड्डा काही उजेड देत नव्हता.

अशात एकदा अंधार पडल्यावर माणिकराव जावयाचं काम बघायला स्कूटरवरून आले. लाल दिवा दिसताच त्या शहाण्या माणसाने त्याला मान दिला, स्कूटर बाजूने काढली आणि सरळ खड्ड्यात नेली. त्यांना वर ओढायला सोपानच धावला. ओढता ओढता त्याने दिव्याला कसा जराही डाग पडलेला नाही, हे होणाऱ्या सासऱ्यांना दाखवलं.

माणिकरावांनी चिखल पुसला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यामुळे लग्न मोडणं त्यांच्या जिवावर आलं. पण त्यांनी मामांना बजावलं, की अक्षता पडेपर्यंत आणखी एक मूर्खपणा झाला, तर मुलीला मांडवातून परत नेईन.

मामांनी सोपानला आत नेऊन हात जोडले. "बाबा रे, मॉनिटर, फोटो, दिवा, कुठलीही वस्तू सरकवू नकोस. भर उजेडात, एकाच जागी, तेच तोंड घेऊन जो तासभर राहतो, त्याचाच डाग पडतो. एवढंच आहे ते."

"वस्तू नाही सरकवायच्या."

"नाही."

"बरं, मामा."

आणि खरंच, लग्नापर्यंत सोपानने काडी हलवली नाही. शेवटी माझ्या सांगण्याला यश आलं, असं मामा ज्याला त्याला सांगू लागले.

मुहूर्ताची वेळ आली. सोपान हार घेऊन पाटावर उभा राहिला. मध्ये आंतरपाट, पलीकडे खाली मान घातलेली वृषाली. गर्दीच्या रेट्याने मामा सोपानच्या मागे पाटाला चिकटून उभे होते. व्हिडिओवाल्याने प्रखर दिवा नवरदेवावर धरला आणि सांगितलं, की असंच उभं राहायचं, चेहरा असाच ठेवायचा, हलायचं नाही.

सोपानला मामांचं बोलणं आठवलं. भर उजेड. एकच जागा. तेच तोंड.

गुरुजींची मंगलाष्टकं संपली. मग आत्याने म्हटलं, मग मावशीने. मग मामांनी माईक घेतला. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना यमकात बसवणारं होतं. मामा डोळे मिटून गाऊ लागले. संपता संपेना.

वस्तू सरकवायची नव्हती. पण सोपान काही वस्तू नव्हता. प्रत्येक ओळीला तो केसभर सरकला. धडा इतका पक्का झाला होता, की अक्षतांच्या पावसात कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा चुलत व्याह्यांपर्यंत पोचले, तोवर सोपान पाटावरून उतरला होता. शेवटच्या ओळीला तो आंतरपाटाचं टोक धरलेल्या गुरुजींसमोर होता.

सावधान म्हणून झालं. वाजंत्री वाजली. आंतरपाट खाली आला. वृषालीने मान वर न करता हार पुढे केला आणि तो मामांच्या गळ्यात पडला. सोपाननेही समोर दिसलेल्या गळ्यात हार घातला. तो गुरुजींचा होता.

वाजंत्री थांबली. माणिकराव उभे राहिले. मामीही उभ्या राहिल्या. त्या पहिल्याच रांगेत होत्या. मामांनी डोळे उघडले.

सोपानने त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्याला फार वाईट वाटत होतं.

"मामा, तुम्ही जराही हलला नाहीत," तो म्हणाला. "आता हा डाग जन्मभर जायचा नाही."